भाजीपाल्यातले लॅक्टिक जिवाणू आणि त्यांची बॅक्टेरिओसिन्स : पहिल्या प्रोजेक्टसाठी वाटाड्या

मायक्रोबायोलॉजीच्या एमएस्सीला प्रोजेक्टचे विषय ठरायला लागले की एक विषय हमखास निघतो : अमुक पदार्थातून लॅक्टिक आम्ल जिवाणू वेगळे करा आणि ते एखादं जिवाणूरोधक पेप्टाइड तयार करतात का ते पाहा. विषय चांगलाच आहे. खर्च बेताचा, जिवाणू बहुतेक निरुपद्रवी, आणि एका सेमिस्टरमध्ये काहीतरी हाती लागतं. अडचण एवढीच की जे हाती लागतं ते बहुधा साधं लॅक्टिक आम्ल असतं. प्लेटवर झोन (दुसरा जिवाणू न उगवलेला स्वच्छ गोल) येतो, फोटो निघतो, प्रबंधात ‘बॅक्टेरिओसिन’ हा शब्द पडतो आणि व्हायवाला बाहेरून आलेले सर पहिलंच विचारतात, “न्यूट्रलाइज केलं होतं का?”, म्हणजे आम्ल आधी मारलं होतं का? पुढच्या पायऱ्या या प्रश्नापासून उलट दिशेने आखल्या आहेत.

आधी थोडी ओळख. बॅक्टेरिओसिन म्हणजे जिवाणूने रायबोसोमवर तयार केलेलं, दुसऱ्या जिवाणूंना मारणारं पेप्टाइड किंवा प्रथिन. लॅक्टिक जिवाणूंची बहुतेक बॅक्टेरिओसिन्स तीसेक ते साठेक अमिनो आम्लांची, म्हणजे अगदी लहान असतात. सगळ्यांत प्रसिद्ध नायसिन. त्याची पहिली नोंद १९२८ची, नाव मिळालं १९४७ला, लांबी ३४ अमिनो आम्लं. लॅक्टोकॉकस लॅक्टिस ते तयार करतो. समोरच्या जिवाणूची भिंत बांधायला लागणाऱ्या लिपिड-२ या रेणूला ते चिकटतं आणि पटलाला भोकं पाडतं. अन्न टिकवण्यासाठी ई-२३४ या क्रमांकाने त्याला मान्यता आहे. दुसरं पेडिओसिन पीए-१, ४४ अमिनो आम्लांचं. लिस्टेरियाचा हा कर्दनकाळ. तिसरा गट प्लँटारिसिनांचा, आणि वनस्पतिजन्य पदार्थांवर काम करणाऱ्याची गाठ बहुधा त्यांच्याशीच पडते.

नमुना निवडताना

ताज्या कोबीच्या किंवा मेथीच्या पानावर लॅक्टिक जिवाणू असतात, पण इतरांच्या मानाने अगदी मोजके. पान थेट धुऊन प्लेटवर टाकलंत तर भलतेच जिवाणू उगवतील. त्यांना आधी वाढू द्यावं लागतं. बारीक चिरलेला कोबी वजनाच्या दोन-अडीच टक्के मिठाने चोळून, सुटलेल्या पाण्यात दाबून ठेवला की काम होतं. पहिले काही दिवस ल्युकोनोस्टॉकचं राज्य असतं. आंबटपणा वाढला की ते मागे पडतात आणि लॅक्टिप्लँटिबॅसिलस प्लँटारम पुढे येतो. त्यामुळे एकाच बरणीतून पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी नमुना घेतलात तर वेगवेगळे जिवाणू मिळतात. एकदाच नमुना घेऊन वीस कॉलन्या उचलल्या तर बहुधा एकाच जिवाणूची वीस भावंडं सांभाळत बसाल.

(जुन्या पुस्तकांत लॅक्टोबॅसिलस प्लँटारम हेच नाव दिसेल. लॅक्टोबॅसिलस ही अवाढव्य प्रजाती २०२० मध्ये फोडून तिच्या २५ प्रजाती झाल्या. प्रबंधात नवं नाव घाला, शोधताना दोन्ही नावांनी शोधा.)

आपल्याकडे नमुन्यांची ददात नाही. कुरडयांसाठी तीन दिवस भिजत घातलेल्या गव्हाचं पाणी घ्या, वास घेताच कळतं की आत काय चाललंय. इडलीचं आणि आंबोळीचं पीठ, काळ्या गाजराची उत्तरेकडची कांजी, सिक्कीम-दार्जिलिंगकडचा आंबवलेल्या पालेभाजीचा गुंद्रुक, मणिपूरचा बांबूच्या आंबवलेल्या कोंबाचा सोइबुम, सगळी वनस्पतिजन्य आणि सगळ्यांत जिवंत लॅक्टिक जिवाणू. मात्र आंबिलीपाशी जरा थांबा. अनेक घरांत नाचणीच्या किंवा ज्वारीच्या आंबिलीत ताक घालतात, ढोकळ्याच्या पिठात दही घालतात. मग तुम्ही ज्याला ‘नाचणीतला जिवाणू’ म्हणाल तो शेजारच्या डेअरीचा निघेल. नमुना देणाऱ्या काकूंना किंवा आजींना हा प्रश्न आधी विचारा आणि उत्तर वहीत लिहून ठेवा. तेलात बुडवलेलं, मिठाने खच्चून भरलेलं आपलं नेहमीचं लोणचं या कामाला फारसं उपयोगी नाही. व्हिनेगर घातलेलं बाजारचं तर नाहीच.

जिवाणू वेगळे करणे

१० ग्रॅम नमुना ९० मिलिलिटर निर्जंतुक सलाइनमध्ये घोळवा, दहा-दहा पटीने पातळ करत सहाव्या पायरीपर्यंत जा आणि शेवटच्या तीन पायऱ्या एमआरएस आगारवर पसरा. डी मॅन, रोगोसा आणि शार्प यांचं हे १९६० सालचं माध्यम अजूनही पहिली पसंती आहे. त्यातलं मँगनीज उगाच घातलेलं नाही. ऑक्सिजनच्या माऱ्यापासून बचाव करायला प्लँटारमकडे नेहमीचं एन्झाइम नसतं, तो पेशीत मँगनीज साठवून निभावतो, आणि झाडपाल्यात त्याला ते आयतं मिळतं.

आगारमध्ये ०.५ ते १ टक्का कॅल्शियम कार्बोनेट घाला. आम्ल करणाऱ्या कॉलनीभोवती पांढुरका थर विरघळून स्वच्छ वर्तुळ दिसतं, तीच उचलायची. ही पावडर तळाशी बसते, त्यामुळे प्रत्येक प्लेट ओतण्याआधी फ्लास्क हलक्या हाताने फिरवा. नाहीतर पहिल्या प्लेटा पारदर्शक आणि शेवटची खडूसारखी होईल. यीस्ट त्रास देत असेल, आणि इडलीच्या पिठात तो देतोच, तर सायक्लोहेक्सिमाइड वापरतात. ते विषारी आहे. हातमोजे घाला आणि गाईड समोर असतानाच वजन करा.

तापमान ३० अंश. ३७ला ठेवायची सवय वैद्यकीय जिवाणूंमुळे लागलेली असते, झाडपाल्यातल्या कित्येकांना, खासकरून ल्युकोनोस्टॉकला, ते मानवत नाही. इथे एक अगदी व्यवहारातली गोष्ट : साधा इनक्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. मे महिन्यात नागपूरला किंवा जळगावला खोलीच ४० अंशांवर असते, तेव्हा डायलवरचे ३० शोभेपुरते. थंडही करू शकणारा बीओडी इनक्युबेटर मिळवा आणि आत वेगळा थर्मामीटर ठेवा.

उचललेली प्रत्येक कॉलनी दोन-तीनदा स्ट्रीक करून शुद्ध करा. मग ग्रॅम रंजन आणि कॅटॅलेज. ग्रॅम पॉझिटिव्ह आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या थेंबात बुडबुडे न देणारे तेवढे ठेवा. त्याच दिवशी प्रत्येकाचा २० ते २५ टक्के ग्लिसरॉलमधला स्टॉक करून उणे ८० किंवा निदान उणे २० अंशांत टाका. हे काम ‘नंतर करू’ म्हणून टाळू नका. काही बॅक्टेरिओसिन्सची जनुकं प्लाझ्मिडवर (मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर) असतात, पेडिओसिन पीए-१ची तशीच आहेत, आणि वारंवार सबकल्चर करताना प्लाझ्मिड गळून पडू शकतं. मग जिवाणू तोच राहतो, झोन मात्र येईनासा होतो. अशा वेळी पहिल्या दिवसाची कुपी हाच आधार.

कोणाविरुद्ध तपासायचं

इथे कॉलेजांत सर्रास चुकतं. फ्रिजमध्ये ई. कोलाय आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस असतात म्हणून त्यांच्याच विरुद्ध तपासलं जातं. ई. कोलायसारख्या ग्रॅम निगेटिव्ह जिवाणूला बाहेरचं पटल असतं, आणि त्यातून लॅक्टिक जिवाणूंची बहुतेक पेप्टाइड्स आत पोचतच नाहीत. त्यामुळे ई. कोलायवर आलेला मोठा, देखणा झोन ही आनंदापेक्षा संशयाची बाब आहे. तिथे बहुधा आम्लच काम करत असतं. उलट प्लँटारिसिनं मुख्यतः जवळच्या नातलगांना मारतात. म्हणजे तपासायला दुसरे लॅक्टिक जिवाणूच हवेत. तुमचेच आयसोलेट (वेगळे केलेले जिवाणू) एकमेकांविरुद्ध लावून पाहा, फुकटात उत्तम माहिती मिळते.

मायक्रोकॉकस ल्युटियस जरूर ठेवा, नायसिनला तो फार हळवा. पेडिओसिनच्या जातीचं काही शोधायचं तर लिस्टेरिया लागतो. त्यासाठी रोगकारक लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस कॉलेजच्या प्रयोगशाळेत आणू नका, त्याचा निरुपद्रवी भाऊ लिस्टेरिया इनोक्युआ चालतो. कल्चरसाठी पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतलं एनसीआयएम आणि चंदीगडचं एमटीसीसी या सरकारी संग्रहांकडे कॉलेजमार्फत अर्ज करता येतो. वेळ धरून चाला.

पहिली चाळणी : ठिपका आणि वरचा थर

आयसोलेटचं रात्रभर वाढवलेलं कल्चर घ्या आणि दोन-तीन मायक्रोलिटरचा ठिपका एमआरएस आगारवर द्या. या आगारमध्ये ग्लुकोज नेहमीच्या २ टक्क्यांऐवजी ०.२ टक्के ठेवा. साखर कमी, आम्ल कमी, खोटे झोन कमी. शक्यतो अॅनेरोबिक जारमध्ये, नसेल तर मेणबत्तीच्या बरणीत ३० अंशांवर २४ तास ठेवा. ऑक्सिजन कमी असला की हायड्रोजन पेरॉक्साइडही कमी तयार होतं.

दुसऱ्या दिवशी ०.७ टक्क्याचं मऊ आगार वितळवून ४५ अंशांपर्यंत थंड करा, त्यात इंडिकेटर, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तपासायचं तो जिवाणू मिसळा (मिलिलिटरला साधारण एक ते दहा लाख पेशी) आणि पाच-सात मिलिलिटर थर ठिपक्यांवर एका दमात ओता. ४५च्या वर इंडिकेटर मरतो, फार खाली गेलात तर आगार ओतता ओतता गोळे होतं. नळी वॉटर बाथमधून काढली की ओतेपर्यंत कोणाशी बोलू नका.

इंडिकेटर उगवल्यावर झोन कॉलनीच्या कडेपासून मोजा. कडाही पाहा. पेप्टाइडचा झोन बहुधा रेखीव कडेचा असतो, आम्लाचा धूसर. हा नुसता अंदाज, निकाल पुढच्या पायरीवर.

खरी परीक्षा

जे आयसोलेट उरले त्यांना एमआरएस ब्रॉथमध्ये १६ ते १८ तास वाढवा. त्याहून फार लांबवू नका. पेप्टाइडचं प्रमाण वाढीच्या शेवटाकडे शिगेला पोचतं आणि मग जिवाणूचीच प्रोटिएजं (प्रथिनं तोडणारी एन्झाइमं) ते कुरतडायला लागतात. सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव घ्या आणि क्रमाने एकेक संशयित बाद करत जा.

पहिला संशयित आम्ल. द्रवाचा पीएच ४च्या आसपास असेल. सोडियम हायड्रॉक्साइड थेंब थेंब घालून तो ६.५ करा. ७.५वर नेऊ नका, नायसिनसारखी पेप्टाइड्स आम्लात टिकतात आणि अल्कलीकडे गेलं की ढेपाळतात. सोबत कंट्रोल हवाच : कोरा एमआरएस ब्रॉथ लॅक्टिक आम्लाने तुमच्या द्रवाइतकाच आंबट करायचा आणि मग त्याच पद्धतीने ६.५वर आणायचा. माध्यमातलं अॅसिटेट आणि तयार झालेलं लॅक्टेट काही इंडिकेटरना मुळातच सोसत नाही, ते या कंट्रोलमध्ये उघडं पडतं.

दुसरा संशयित हायड्रोजन पेरॉक्साइड. न्यूट्रलाइज केल्यानंतर ते मोडणारं कॅटॅलेज एन्झाइम घाला, मिलिलिटरला १ मिलिग्रॅम, ३७ अंशांवर अर्धा तास. आधी घातलंत तर आम्लात कॅटॅलेज काम करत नाही.

आता द्रव ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून जाऊ द्या. फिल्टर प्रथिनं धरून न ठेवणारा घ्या, पीईएस किंवा सेल्युलोज अॅसिटेटचा. ही पेप्टाइड्स चिकट स्वभावाची, नायलॉनला आणि प्लास्टिकच्या नळ्यांना जाऊन बसतात. फिल्टरच्या आधी झोन आणि नंतर शून्य असं झालं तर जिवाणूला दोष देण्याआधी फिल्टर बदलून पाहा. किंवा फिल्टर न करता ८० अंशांवर १० मिनिटं तापवा, लहान पेप्टाइड्स तेवढं सहज सोसतात.

६ मिलिमीटरच्या विहिरीत ५० ते ८० मायक्रोलिटर घाला. विहिरीचा तळ आधी मऊ आगारच्या थेंबाने बंद करा, नाहीतर द्रव प्लेटच्या खालून पसरतो आणि वेडावाकडा झोन येतो. प्लेट इनक्युबेटरमध्ये ठेवण्यापूर्वी दोन ते चार तास फ्रिजमध्ये ठेवली की द्रव पसरायला वेळ मिळतो. शेजारच्या विहिरीत पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून नायसिन. बाजारातल्या पावडरीत नायसिन जेमतेम २.५ टक्के असतं, बाकी मुख्यतः मीठ. ती ०.०२ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवा.

अजूनही झोन आहे? मग प्रोटिएज. हाच निर्णायक मुद्दा, आणि घाईत नेमका हाच गाळला जातो. प्रोटिनेज के, ट्रिप्सिन, पेप्सिन आणि कायमोट्रिप्सिन, शक्य तितकी वेगवेगळी एन्झाइमं लावा, प्रत्येक त्याच्या त्याच्या पीएचला, मिलिलिटरला १ मिलिग्रॅम, ३७ अंशांवर दोन तास. एकट्या ट्रिप्सिनवर विसंबू नका. नायसिन कायमोट्रिप्सिनने मोडतं, पण ट्रिप्सिन आणि पेप्सिनला दाद देत नाही. एन्झाइमसह द्रव, एन्झाइमविना तसाच ठेवलेला द्रव आणि नुसतं एन्झाइम अशा तीन विहिरी हव्यात. पेप्सिनचं बफर आम्लधर्मी असतं, तेव्हा प्लेटवर जाण्याआधी तो नमुना पुन्हा ६.५वर आणा.

हे डोळ्यांनी पाहायची सोपी युक्ती आहे. आयसोलेटच्या वाढलेल्या ठिपक्यापासून काही मिलिमीटरवर प्रोटिनेज केचा थेंब ठेवा, तो जिरू द्या आणि मग इंडिकेटरचा थर ओता. पेप्टाइड असेल तर दुसऱ्या दिवशी झोन गोल नसतो. एन्झाइमच्या बाजूने तो खाल्लेला, चंद्रकोरीसारखा दिसतो. एका बाजूला स्वच्छ काच, दुसऱ्या बाजूला इंडिकेटरची साय ठिपक्यापर्यंत चढलेली. प्रबंधात एकच फोटो टाकायचा झाला तर हा टाका.

राहिला तिसरा संशयित, बॅक्टेरिओफाज, म्हणजे जिवाणूंना मारणारा विषाणू. द्रव दुपटी-दुपटीने पातळ करून इंडिकेटरवर १० मायक्रोलिटरचे थेंब द्या. पेप्टाइड असेल तर थेंबाची जागा फिकी होत होत नाहीशी होते. फाज असेल तर एका टप्प्यावर सुटी सुटी भोकं दिसायला लागतात. याच प्लेटवरून प्रमाणही निघतं. स्वच्छ दिसणारा शेवटचा थेंब ३२ पट पातळ केलेला असेल तर ३२ गुणिले १००० भागिले १०, म्हणजे मिलिलिटरला ३२०० एयू (अॅक्टिव्हिटीची एककं). झोनच्या मिलिमीटरपेक्षा हा आकडा तुलनेला बरा.

आगारवर झोन, ब्रॉथमध्ये काहीच नाही

प्लँटारमवर काम करताना हे होतंच, आणि पोरं हिरमुसतात. कारण जिवाणूच्या स्वभावात आहे. प्लँटारिसिनची निर्मिती एका संदेशवाहक पेप्टाइडवर चालते. आजूबाजूला ते पुरेसं साठलं तरच जनुकं चालू होतात. आंबवलेल्या काकडीतून मिळालेल्या सी-११ या वाणात असं दिसलं की फार थोड्या पेशींनी कल्चर सुरू केलं तर निर्मिती बंद पडते आणि पुढच्या पिढ्यांतही बंदच राहते. गवताच्या सायलेजमधला एनसी-८ हा वाण घन माध्यमावर प्लँटारिसिन देतो, द्रवात एकटा वाढवला तर देत नाही, आणि काही ठरावीक ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणू सोबत असले की द्रवातही देतो. तेव्हा ब्रॉथमध्ये शून्य आलं तर २ ते ५ टक्के इनोक्युलम (सुरुवातीचं विरजण) घालून पाहा, आणि इंडिकेटरसोबत एकत्र वाढवून पाहा. आयसोलेट फेकून देणं हा शेवटचा उपाय.

शुद्धीकरण, झेपेल तेवढं

एमएस्सीला अमोनियम सल्फेटपर्यंत जाणं पुरेसं आहे. बर्फात ठेवून हळूहळू घाला, वेगवेगळ्या टक्केवारीला काय खाली बसतं ते तपासा. खाली बसतं म्हटलं खरं, पण ट्वीन-८० (साबणासारखा घटक) असलेल्या माध्यमात पेप्टाइड बरेचदा वर तरंगतं. सेंट्रिफ्यूजच्या नळीत वर आलेली तपकिरी साय घाण समजून टाकू नका, आधी तिची अॅक्टिव्हिटी पाहा.

मग डायलिसिस. कॉलेजच्या कपाटात असते ती नळी साधारण १२ ते १४ किलोडाल्टनची. तुमचं पेप्टाइड ३ ते ६ किलोडाल्टनचं. रात्रभरात ते बाहेरच्या बफरमध्ये निघून जाऊ शकतं आणि सकाळी ते बफर बेसिनमध्ये ओतलं जातं. १ किलोडाल्टनची नळी मागवा. आकार पाहायचा तर ट्रायसिन जेल चालवा, साध्या एसडीएस-पेजवर इतकी लहान पेप्टाइड्स रंगाच्या रेषेबरोबर पळून जातात. जेलचे उभे दोन भाग करा, एक रंगवा, दुसरा नीट धुऊन त्यावर इंडिकेटरचा थर ओता.

पुढे एचपीएलसीपर्यंत गेलात आणि प्रत्येक फ्रॅक्शन मेलेला निघाला तर शेजारशेजारचे फ्रॅक्शन एकत्र करून तपासा. प्लँटारिसिन ई आणि एफ, जे आणि के ही जोडीने काम करणारी पेप्टाइड्स आहेत, कॉलमने त्यांची ताटातूट केलेली असू शकते.

नाव आणि नोंद

जिवाणू ओळखायला वापरतात त्या १६एस जनुकाचा अनुक्रम काढा, पण प्लँटारम, पेंटोसस आणि पॅराप्लँटारम ही तीन भावंडं त्यावरून सुटी होत नाहीत. त्यासाठी आरईसीए जनुक पाहावं लागतं. पूर्ण जीनोम परवडला तर बॅजेल-४ हे मोफत साधन बॅक्टेरिओसिनची जनुकं दाखवतं. जनुक असणं आणि पेप्टाइड तयार होणं या दोन वेगळ्या नोंदी आहेत, प्रबंधातही वेगळ्याच ठेवा. आयसोलेट एन्टेरोकॉकस निघाला तर अन्नात वापरण्याची भाषा लगेच करू नका, त्या प्रजातीत रुग्णालयात सतावणारे वाणही आहेत.

चांगला वाण हाती लागला तर पुण्याच्याच एनसीएमआर या संग्रहात किंवा चंदीगडच्या एमटीसीसीमध्ये जमा करा आणि मिळालेला क्रमांक प्रबंधात द्या. परदेशातल्या प्रयोगशाळेत शिकणाऱ्यांसाठी एक सूचना : घरच्या कुरडईच्या चिकातला किंवा आंबोळीच्या पिठातला जिवाणू बॅगेत घालून न्यायचा नाही. जैविक विविधता कायदा, २००२ प्रमाणे भारतातला जैविक नमुना संशोधनासाठी बाहेर पाठवायला राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागू शकते. चेन्नईच्या त्या कार्यालयाचे अर्ज ऑनलाइन भरता येतात, आणि कुपी पॅक करण्याच्या बरंच आधी भरावे लागतात.